डाव्या हाताची गाठ

१४ फेब्रुवारी १९८९, मंगळवार

उमरोळीचा एक खलाशी सुटून आला! कराचीच्या जेलमधून.

दुकानात ऐकलं. हातात सोल्डरिंगची कांडी होती, ती तशीच कुणाच्या तरी ट्रान्झिस्टरच्या तबकडीवर टेकली. डाग पडला. माझ्या हातून असं होत नाही. गिऱ्हाईक बिहारी कामगार, तो म्हणाला, "भाईसाब, तबियत ठीक है ना?" मी म्हटलं, तबकडी बदलून देतो, बस.

आपल्याकडची पोरं गुजरातच्या बोटींवर खलाशी जातात. बोट हद्दीपलीकडे गेली की ते लोक धरतात, वर्ष-दीड वर्षाने सोडतात. असा कुणी सुटून आला की मी जातो. एकच विचारतो – आत कुणी डावखुरा माणूस दिसला का, दर्यावरचा, माझ्या वयाचा? नाव सांगता येत नाही. तिथे त्याचं नाव वेगळं. आणि इथे सरकारदरबारी तर तो माणूस नव्हताच!

दादू. दातिवऱ्याचा, माझ्याच वाडीतला. एकाच दिवशी फौजेत भरती झालो, एकाच पलटणीत. एकाहत्तरात आम्हा दोघांना कराचीच्या बंदरावर पाठवलं, जाळी सांधणारे म्हणून. मी परत आलो. तो आला नाही.

हंसा त्याची बायको.

आणि हे फक्त इथेच लिहितो. आमच्या जमातीत पाट लागतो, बाईचं दुसरं लग्न होतं, कुणी नाव ठेवत नाही. पण पाट लागतो तो विधवेला, नाहीतर सोडलेलीला. हंसा दोन्हींपैकी काहीच नाही. ती आहे तशी आहे आणि मीही आहे तसाच. दादू यावा असं मला मनापासून वाटतं. आणि तो आला तर मी काय करीन, ते माहीत नाही.

१५ फेब्रुवारी, बुधवार

तबकडी बदलली. पदरचे गेले. रविवारी उमरोळी.

१९ फेब्रुवारी, रविवार

शटलने उमरोळीला उतरलो. स्टेशनापासून पाड्यापर्यंत चालत. खलाशाचं नाव सुका. तिशीचा असेल, पण जेलने वाळवलाय. अंगणात खाटेवर बसलेला, भोवती सगळा पाडा. जो येईल त्याला तीच गोष्ट पहिल्यापासून सांगत होता. मला बघून कुणीतरी म्हणालं, "सरकारी मानूस आला रं." मी सांगितलं, सरकारी नाही, बोईसरचा रेडिओवाला.

"मंग बसा," सुका म्हणाला. "सरकारी असतात तर उबंच ठेवलं असतं. तिकडं बी त्यांनी लय उबं ठेवलं."

हसले सगळे. मी माझा प्रश्न विचारला. त्याने मान हलवली. "नाय मास्तर. आमची बराक येगळी. बाकीचं कोन दिसायचंच नाय."

दर वेळचंच उत्तर. उठणार, तेवढ्यात कुडाला टांगलेली पिशवी दिसली. जाळ्याच्या दोऱ्याची, हिरव्या नायलॉनची. आत कांदे. मी पिशवी उतरवली. कांदे घरंगळले, सुकाची बायको काहीतरी बोलली, मी लक्ष दिलं नाही.

गाठी डावीकडे पडलेल्या! जाळं उजव्या हाताने विणलं की गाठीचा कल एका बाजूला जातो, डाव्या हाताने विणलं की दुसऱ्या. डावखुरे काय थोडे असतात? तेवढ्यावर मी उडी मारणारा नाही. पण प्रत्येक ओळीच्या शेवटच्या घरात दोरा दोनदा फिरवलेला होता. हे कुणी करत नाही. गरजच नसते. दादूचा बाप करायचा आणि दादू करायचा. विचारलं की म्हणायचा, "बाप करायचा म्हणून."

मी सगळ्या ओळी पाहिल्या. एकही चुकलेली नाही.

"ही कुठली?" विचारलं.

"सुटतानी भेटली. समद्यांनाच भेटली. आत बिस्कुटं व्हती."

म्हणजे आत आहे! जेलमध्ये विणतो! कैद्यांना असली कामं देतात, मला ठाऊक आहे. पिशवी मागितली. सुकाने दिली. बायको म्हणाली, "कांदं कशात ठेऊ आता, याच्या टोपीत?" माझी कापडी पिशवी देऊन आलो.

२० फेब्रुवारी, सोमवार

रात्रभर पिशवी उशाशी.

पलटणीतला व्हॉलीबॉल आठवतो. जाळी फाटलेली, नवी मिळेना. मी आणि दादू दुपारी बसून सांधली. त्याने डाव्या टोकाकडून सुरुवात केली, मी उजव्या, मध्ये भेटलो. एक कॅप्टन येऊन उभा राहिला. कधीचा उभा होता कुणास ठाऊक. म्हणाला, हे कुठे शिकलात? दादू म्हणाला, "साहेब, आमच्याकडे चालायच्या आधी शिकतात." आठ दिवसांनी आम्हाला बोलावणं आलं. व्हॉलीबॉलच्या जाळीपायी आम्ही हेर झालो! लोकांना वाटतं, हेर म्हणजे काय काय असेल. आम्ही वाळूत बसून जाळी सांधली आणि कुठलं जहाज आलं, कुठलं गेलं ते बघितलं. एवढंच.

आधी भाषा घोटून घेतली. दादूला बोलणं पटकन आलं. मी वाचायलाही शिकलो – चौथी पास माणूस, कुणी सांगितलं नव्हतं, आपणहून शिकलो. तिथली गाठही शिकलो. त्यांच्याकडे दोऱ्याला पीळ उलटा देतात. मी इतका हुबेहूब द्यायला लागलो की तिथला नाखवा, बोटीचा मालक, माझं सांधलेलं बघून म्हणायचा, हा तर इथलाच. दादूला म्हटलं, तूही शीक, जीव जाईल. "हात ऐकत नाय रं," म्हणायचा. नाखव्याने एकदा त्याचं जाळं उलटसुलट करून पाहिलं, विचारलं, ही कुठली तऱ्हा? दादू म्हणाला, आईच्या गावची. नाखवा हसला आणि गेला. मी पळायची वाट शोधत होतो. दादू शीळ घालत होता!

त्याची शीळ. ती ऐकावीशी वाटते. बाकी काही नाही.

२६ फेब्रुवारी, रविवार

दातिवऱ्याला जाऊन आलो. सफाळ्यापर्यंत शटल, पुढे एसटी.

ठरवलं होतं, पक्कं कळल्याशिवाय बोलायचं नाही. इतक्या वर्षांत कधी बोललो नाही. पण ओसरीवर साखरबाई बसलेली, दादूची आई. मला बघताच नेहमीचं – "कमळ्या, तुझा रेडू माझ्या पोराचं नाव कवा घेतो रं? घेतला तर मला उठव. मेली असली तरी उठव!"

आणि मी पिशवी तिच्या मांडीवर ठेवली.  तिला आता नीट दिसत नाही. बोटांनी चाचपली. शेवटच्या घरापर्यंत बोट गेलं आणि तिथेच थांबलं.

"ही आमच्या घरची हाय."

मी म्हटलं, कराचीहून आली. दादू जिवंत आहे. जेलमध्ये असावा.

म्हातारी रडेल वाटलं. रडली नाही. उठलीच! भिंतीला धरून मागल्या दारी गेली, वळांडीवर वाळत घातलेले बोंबील हाताने निवडायला लागली. "जाडं जाडं येगळं काढ गो हंसा. त्याला जाडं लागतात. बारकं खाल्लं तर रुसतो मेला." त्याचं वय सेहेचाळीस झालंय, हे तिच्या गावीच नाही.

हंसा माशांना मीठ लावत होती. तिने ऐकलं, नक्की ऐकलं. मान वर केली नाही.

म्हणाली, "बरं."

बरं! इतक्या वर्षांनी नवरा जिवंत असल्याची खबर, आणि बरं! मी बाजूला उभा राहिलो, वाटलं म्हातारीसमोर बोलत नसेल. तर म्हणते, "चाय घ्याल का जेवूनच जाता?"

चहा घेतला. साखर कमी होती. ती विसरत नाही, आज विसरली.

१ मार्च, बुधवार

धक्का असणार तो. माणसं धक्क्यात असं काहीही बोलतात.

६ मार्च, सोमवार

पुण्याला जायचं ठरवलं. तो कॅप्टन आता निवृत्त, पत्ता मिळाला. बहात्तरात कैदी सुटले तेव्हा यानेच मला सांगितलं होतं – त्या नावाचा माणूस आम्ही पाठवलाच नाही, तूही विसर. आता पुरावा घेऊन समोर उभा राहणार. आत असेल तर बाहेर काढलाच पाहिजे. होळी झाली की निघतो.

मग दादू येईल. एसटीतून उतरेल. हंसा त्याला ओवाळील. मी तिथे असेन, मला असावंच लागेल. पेढे मीच नेईन.

१२ मार्च, रविवार

सकाळी दुकान उघडतोय तर दारात एकजण उभा. मनोरकडचा, नाव जिवल्या. सुकाच्याच बोटीवरचा, त्याच्याबरोबरच सुटलेला. बापाचा ट्रान्झिस्टर दुरुस्तीला आणलेला.

"सुकानं सांगितलं, तुमाला पिशवीचं लय कौतिक. म्हनून माजीबी आनली. बगा, देनार नाय पन. बायकोनं भाकर बांधलीय तीत."

भाकरी काढून टेबलावर ठेवली, पिशवी हातात घेतली. तोच हिरवा दोरा. शेवटच्या घरात दोनदा फिरवलेला.

पण गाठी उजवीकडे.

पुन्हा पाहिलं, भिंगातून पाहिलं. उजव्या हाताच्या गाठी. मग दादूने नाही विणलेली. आणि तरी शेवटच्या घरात दोनदा – म्हणजे ज्याने कुणी विणली त्याला दादूने शिकवलं.

विचारलं, जेलमध्ये कोण विणायचं या पिशव्या?

"जेलात? जेलात कोन विनतं? आमी तर नुसतं फरशीवर पोचं मारायचो. या बंदरावरच्या लोकांनी दिल्या. तिकडचं कोळी. सुटतानी गाडीत बसवलं ना, तवा आलं. बिस्कुटं, साबन, येकेक सदरा. चांगली मानसं."

कोण आलं होतं?

"पाच-सा जन. येक लुंगीवाला व्हता, दाढी पांढरी. तुमच्याच वयाचा असंल – नाय, तुमी बरं दिसता. त्याची दोन पोरं संगं. मोठा ताडासारका. बापाला म्हनत व्हता, तुमी बसा अब्बा, मी वाटतो. पन म्हातारा नाय बसला. त्यानं समद्यांना सोताच्या हातानं दिली. डाव्या. आमच्यातला येक म्हनाला बी, डाव्या हातानं काय देतो रं? तर हसला निस्ता."

बोलला काही?

"इचारला, कनच्या गावचे? आमी सांगितलं, पालघर. मंग उबा ऱ्हायला. मोठ्या पोरानं हाक मारली तवा गेला."

कसा गेला, असं विचारणार होतो. विचारलं नाही.

सुका म्हणाला होता 'सुटतानी भेटली'. मी गाठ पाहिली, घर पाहिलं, दोरा पाहिला. कुणी दिली, हे विचारलंच नाही! एवढा काटेकोर म्हणवतो.

ट्रान्झिस्टर फुकट करून दिला.

१३ मार्च, सोमवार

जिवंत आहे. मोकळा आहे. दोन मुलगे आहेत.

१५ मार्च, बुधवार

नाखव्याला एक मुलगी होती. दुपारी जाळ्याच्या छपरात भात घेऊन यायची. मी जहाजं टिपत होतो, बंदुका टिपत होतो, कुठल्या दिव्याची काच फुटली आहे तेही माझ्या ध्यानात होतं. ती भात आणायची. दादूच्या पुढ्यात आधी ठेवायची. मी आपला समजत होतो, तो दाराजवळ बसतो म्हणून. मध्ये पावसाळ्यात बोटी बंद म्हणून दोघं एकदा रजेवर घरी आलो, पुन्हा गेलो.

लढाईत बंदरावर आगी लागल्या त्या रात्री आम्हाला हुकूम होता – खाडीच्या तोंडाशी होडी येईल. मी दादूची वाट बघत थांबलो. होडीवाला म्हणाला, आता नाही, निघावं लागेल. मला वाटलं धरला. मला वाटलं मेला. दरसाल नारळी पौर्णिमेला एक नारळ त्याच्या नावाने मी दर्यात सोडला. आणि तो – जेवत असेल! भात!

राग येतोय का? नाही येत. यायला हवा. शीळच ऐकू येते सारखी.

१८ मार्च, शनिवार

एकदा आम्ही त्यांच्या बोटीवर लांब गेलो होतो. इंजिनाचा आवाज इतका की शेजारच्याचं ऐकू यायचं नाही. दादू माझ्या कानाशी तोंड आणून मराठीत बोलला. किती महिने आम्ही एकमेकांशीही मराठी बोललो नव्हतो. बोलला तर काय – गावांची नावं! दातिवरे, कोरे, एडवण, केळवे, माहीम, शिरगाव, सातपाटी. मी म्हटलं, मथाणे राहिलं, एडवणनंतर. म्हणाला, "सासरा हाय काय रं तुझा मथाण्यात?" दोघं इतके हसलो की नाखवा बघायला लागला.

मला वाटलं होतं, घरची ओढ लागून म्हणतोय. आता वाटतं, निरोप घेत होता.

दुकानात बसून मीही तशीच म्हणून पाहिली. पुढे गेलो – मुरबे, नवापूर, तारापूर, चिंचणी. ऐकायला कुणी नव्हतं. पंखा चालू होता.

१९ मार्च, रविवार

पुण्याला जायचं रद्द. गेलो तर काय सांगणार? पळाला म्हणून? घरभेदी ठरवतील त्याला. म्हातारीच्या दारात पोलीस येतील.

आता खरा प्रश्न. हंसाला सांगायचं की नाही?

सांगितलं तर ती मोकळी. नवऱ्याने दुसरं घर केलं म्हणजे सोडलेलीच ती. पाट लागू शकतो. आणि हे तिला सांगणारा कोण? मी! मीच दादूचा दोस्त, मीच खबर आणणार, मीच नंतर उभा राहणार. ही खबर मी तिच्यासाठी नेतोय की माझ्यासाठी? तराजूत घालून पाहिली. काटा स्थिर राहत नाही.

न सांगितलं तर ती अशीच मीठ लावत बसेल. जेलमधल्या नवऱ्याची वाट बघत. आणि जेल मीच सांगितलंय.

२२ मार्च, बुधवार. होळी

दातिवऱ्याला गेलो. होड्या सगळ्या आत, पताका लावलेल्या. गावची होळी पेटली, बायका गात होत्या. हंसा गात होती. तिचा आवाज वेगळा काढता येतो मला, शंभरात.

साखरबाईने जाड बोंबिलांचं गाठोडं बांधून तयार ठेवलंय. "कमळ्या, जेलात न्यायला देतात का रं? का वरच्या सायबाला थोडं द्यावं लागंल?" मी म्हटलं, बघतो. "बघतो बघतो करून तुझं केस गेलं. लगीन बी बघतो बघतो म्हनून ऱ्हायलं!"

हंसा हसली. मला राग आला, मग नाही आला.

पुरणपोळी खाल्ली. दोनदा तोंड उघडलं. पहिल्यांदा ढोल वाजला, दुसऱ्यांदा शेजारीण मीठ मागायला आली. तिसऱ्यांदा कुणीच आलं नाही आणि तरी बोललो नाही. हंसा माझ्याकडे बघत होती. तिचं बघणं लांबलं. काय हो, म्हणाली. काही नाही, म्हटलं.

शेवटच्या एसटीने आलो. अंगाला होळीचा धूर अजून आहे. सदरा धुवायला टाकलेला नाही.

२४ मार्च, शुक्रवार

काम नाही झालं आज. एक रेडिओ उघडला आणि तसाच बंद केला.

२७ मार्च, सोमवार

हंसा दुकानात आली! बोईसरला मासळी विकायला आली होती म्हणे. पाटी दारात ठेवली, स्टुलावर बसली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

म्हणाली, "होळीला तुमचं तोंड बघितलं. तवाच कळलं, तुमाला कळलंय."

मी विचारलं, काय?

"तो तिकडं सुखात हाय ते. पावसाळ्यातल्या त्या शेवटल्या रजेला मला सांगून गेला, तिकडं दुसरी हाय, आता येनार नाय. माझ्या पाया पडला. म्हनाला, आईला सांगू नको, आनि कमळ्याला तर नकोच, तो सायबाला कागदावर लिवून देईल."

लिहून दिलं असतं. खरं आहे.

म्हटलं, मग इतकी वर्षं मी खबर शोधत फिरलो, तू गप्प बसलीस?

पदराने तोंड पुसलं तिने. "तुमी दर खेपेला त्याचीच खबर घेऊन यायचात. माझी कवा इचारलीत?"

पाटी उचलून गेली. म्हातारीला तो जिता आहे एवढंच पुरे, हे जाता जाता सांगितलं. पाटी मीच तिच्या डोक्यावर दिली.

उद्या दुकान बंद. दातिवऱ्याला जातोय. या खेपेला जवळ कसलीच खबर नाही.